जर्क कुणाचं, जागा कुणाची

ऑगस्ट २०१८ मध्ये भाताच्या एका पाकिटावरून इंग्लंडात रण माजलं होतं. टीव्हीवरचे बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांनी ‘पंची जर्क राइस’ नावाचा झटपट भात बाजारात आणला. जर्क ही जमैकाची खासियत. ऑलस्पाइस नावाचा मिरीसारखा दाणा आणि स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची हे तिचे दोन खांब. हा मसाला कोंबडीला नाहीतर डुकराच्या मांसाला चोळायचा आणि ते मांस ऑलस्पाइसच्याच झाडाच्या लाकडाच्या धुरावर भाजायचं. ‘जर्क भात’ म्हणजे साधारण ‘तंदुरी वरण’ म्हटल्यासारखं. मजूर पक्षाच्या खासदार डॉन बटलर यांचे आईवडील जमैकाचे. त्या जाहीरपणे भडकल्या, ही सांस्कृतिक उचलेगिरी थांबवा म्हणाल्या. लगेच दुसरी फळी सरसावली: मग इटलीबाहेरच्यांनी पिझ्झा करायचा नाही का? चव ही काय कुणाच्या बापाची जहागीर आहे? तेव्हापासून ब्रिटनच्या कुठल्याही शहरात कॅरिबियन रेस्टॉरंट किंवा रम बार उघडला की हीच दोन भाषणं पुन्हा वाजवली जातात. माणसं बदलतात, तबकडी तीच.

मला वाटतं, दोन्ही पक्ष चुलीपाशी भांडत बसलेत आणि खरा व्यवहार घरमालकाच्या ओसरीवर उरकला जातोय. कॅरिबियन जेवण कोणी रांधावं, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ते विकायला जागा, परवाना आणि कर्ज कोणाला मिळतं, आणि कोणाला पन्नास-साठ वर्षं मिळू दिलं नाही, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे आणि त्यावर कोणी आवाज चढवून बोलत नाही. कारण उघड आहे. पाककृतीवर मत असायला काही लागत नाही. भाडेपत्र मात्र वाचावं लागतं.

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो, म्हणून दोन दुकानं जवळून सांगतो. पहिलं हँड्सवर्थ या कॅरिबियन वस्तीतलं टेकअवे. काउंटरची काच वाफेने धुरकटलेली, आत स्टीलच्या ट्रेमध्ये करी गोट (बोकडाचा रस्सा), ऑक्सटेल (गाई-बैलाच्या शेपटीचं मांस), तळलेली केळी, राइस अँड पीज. (इथे ‘पीज’ म्हणजे मटार नाहीत, राजमा, तो नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवलेला असतो. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला आजोळची आठवण आली, कारण नारळाचं दूध घातलेल्या कशानेही मला आजोळ आठवतं.) तीन खुर्च्या आहेत, पण त्या जेवायला नाहीत, थांबायला. दुपारी तीननंतर गेलात तर काचेवर चिकटपट्टीने कागद लावलेला: ऑक्सटेल संपलं. दुसरं दुकान शहराच्या मध्यावर, रम बार. भिंतीला पत्रे ठोकलेत आणि ते गंजलेले दिसावेत म्हणून रंगवलेत. टेबलांच्या जागी तेलाचे पिंप. एका भिंतीचा रंग उडालाय, म्हणजे पैसे देऊन उडवून घेतलाय. संध्याकाळी पाचपासून एका कॉकटेलवर एक फुकट. खरं सांगायचं तर तिथलं जर्क चिकन चांगलं होतं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

सांस्कृतिक उचलेगिरी म्हणणाऱ्यांच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्यांचा राग पोकळ नाही. रम हे काही निरागस पेय नव्हे. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका जिंकलं आणि पुढची पावणेदोनशे वर्षं तिथली साखर आणि साखरेच्या मळीपासूनची रम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पाठीवर तयार झाली. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाला तेव्हा नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले, ते गुलामांच्या मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. म्हणजे १९४८ मध्ये कॅरिबियन स्थलांतरितांना इंग्लंडात घेऊन आलेल्या विंडरश जहाजातल्या जमैकन माणसानेही, इथे बस चालवून भरलेल्या करातून, आपल्या पणजोबाच्या मालकाची भरपाई केली! लंडनला वेस्ट इंडिया डॉक्सवर १८०२ मध्ये साखर आणि रम उतरवायला बांधलेल्या गोदामांची जी ओळ उरली आहे, तिच्यात आज एक संग्रहालय आहे आणि त्याला लागून खाण्यापिण्याच्या जागा. अशा पार्श्वभूमीवर उसाचा मळा हा भिंतीवर रंगवायचा देखावा कसा होऊ शकतो, असं कोणी विचारलं तर त्याला हळवा म्हणून उडवून लावता येणार नाही. एका फ्रेंच कंपनीने आपल्या ‘प्लांटेशन’ (म्हणजे मळा) या रमचं नाव अखेर बदलून ‘प्लांटेरे’ केलं, ते अशाच प्रश्नांमुळे.

पण नेमकं इथेच या मंडळींचा युक्तिवाद थांबतो, आणि इथे तो थांबायला नको होता. नाव बदललं, मालक बदलला का? जमैकाची ॲपलटन इटलीच्या कांपारीकडे आहे, बार्बाडोसची १७०३ पासूनची माउंट गे फ्रान्सच्या रेमी क्वांत्रोकडे. बाटलीवरचा शब्द सुधारला की विजय झाला असं मानणारी चळवळ बाटलीच्या मालकाला फार सोयीची असते.

शिवाय ‘आमचं जेवण’ हा शब्दप्रयोग कॅरिबियनच्या बाबतीत जरा जपून वापरावा लागतो. जमैकाचं राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे अकी आणि सॉल्टफिश. अकी हे फळ पश्चिम आफ्रिकेतून आलेलं. खारवलेला कॉड मासा उत्तर अटलांटिकवरून, मळ्यांवरच्या माणसांचं पोट स्वस्तात भरायला. जर्कमागे मळ्यांवरून डोंगरात पळून गेलेल्या गुलामांची, म्हणजे मरून लोकांची, आणि त्यांच्या आधीच्या टाइनो रहिवाशांची विद्या आहे. त्रिनिदादची रोटी आणि ‘डबल्स’ (‘बारा’ म्हणतात त्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये छोले) ही भोजपुरी गिरमिटियांची देणगी. त्यांचं पहिलं जहाज फातेल रझाक ३० मे १८४५ रोजी तिथे लागलं. एवढंच काय, रम पंचमधला ‘पंच’सुद्धा बहुतेकांच्या मते आपल्या ‘पाच’वरून आलाय: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. त्याचा लेखी उल्लेख १६३२ च्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात सापडतो. तेव्हा उद्या एखाद्या कोकण्याने उठून रम बारवाल्यांकडे पंचची रॉयल्टी मागावी काय? (मागितली तर मी वर्गणी देईन.) पाककृतीच्या मालकीचा दावा मागे मागे नेत गेलं की शेवटी हाती लागतात ती माणसं, ज्यांना त्यांच्या काळात कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग दुसऱ्या फळीचं बरोबर म्हणायचं? अर्धं बरोबर. टर्टल बे ही ब्रिटनभर पसरलेली कॅरिबियन साखळी मूळच्या श्रीलंकेच्या अजित जयविक्रमा यांनी उभी केली. यात लाजण्यासारखं काही नाही. ब्रिटनमधली बहुतेक ‘इंडियन’ हॉटेलं सिल्हेटच्या बांगलादेशींनी चालवली आणि त्यांच्यामुळेच या देशाला आपल्या जेवणाची चटक लागली. मुंबईच्या इराणी हॉटेलांची नक्कल करणारं ‘डिशूम’ २०१० मध्ये लंडनला निघालं, ते इराण्यांनी काढलेलं नाही, गुजराती वंशाच्या ब्रिटिशांनी काढलं. तिथे बनमस्का खाताना आम्हा मुंबईकरांचा ऊर भरून येतो, आणि धोबी तलावची एकेक इराणी जागा बंद होताना आम्ही तिथे शेवटचं कधी गेलो होतो ते कोणी विचारत नाही. साखळ्यांमुळे स्कॉच बॉनेट आणि प्लँटेन (शिजवून खायची केळी) हे शब्द गोऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले, स्वयंपाक्यांना नोकऱ्या मिळाल्या, हेही खरं. मूळचे जमैकाचे गायक लेव्हाय रूट्स २००७ मध्ये गिटार वाजवत टीव्हीवरच्या गुंतवणूकदारांसमोर आपला रेगे रेगे सॉस घेऊन गेले आणि तो सुपरमार्केटात पोचला. बाजार उघडतो, हे नाकारता येणार नाही.

पण ‘चवीला सरहद्द नसते’ हे म्हणणारा एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. चव सरहद्द ओलांडून आली. तिला आणणाऱ्या माणसाला मात्र दारात अडवलं गेलं, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. त्रिनिदादचे कसोटीपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना १९४३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलने कातडीच्या रंगावरून ठेवून घेतलं नाही; त्यांनी खटला भरला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून थेट बार्बाडोसला जाऊन बससाठी माणसं भरती केली. हीच माणसं दिवसाची पाळी संपवून पबमध्ये गेली की कित्येक ठिकाणी त्यांना ग्लास मिळत नसे. रंगावरून पबात किंवा खाणावळीत मज्जाव करणं बेकायदा ठरायला १९६५ चा कायदा यावा लागला. तोवर रम कुठे प्यायची? घराच्या तळघरात. स्पीकर लावायचे, दारात थोडे पैसे घ्यायचे, एका कोपऱ्यात करी गोटचं पातेलं. ‘ब्लूज पार्टी’ म्हणत तिला. आजच्या रम बारचा खरा पूर्वज म्हणजे ते तळघर, आणि त्याच्यावर पोलीस येत ते ‘विनापरवाना दारूविक्री’ या कलमाखाली. परवाना मिळणाऱ्या जागेत शिरू द्यायचं नाही आणि बिनपरवान्याची जागा चालवली की पकडायचं, यातून पळवाट कोणती?

परवाना मागून रीतसर धंदा करणाऱ्याचं काय झालं ते बघू. त्रिनिदादचे फ्रँक क्रिचलो यांनी १९६८ मध्ये लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या ऑल सेंट्स रोडवर आठ नंबरला ‘मँग्रोव्ह’ हे रेस्टॉरंट काढलं. बॉब मार्ली आणि नीना सिमोन यांच्यासारखी माणसं तिथे येऊन जात, वस्तीतली माणसं वकिलाचा पत्ता विचारायला येत. जानेवारी १९६९ ते जुलै १९७० या दीड वर्षात पोलिसांनी तिथे बारा वेळा धाडी घातल्या, अमली पदार्थांच्या नावाखाली. सापडलं काही नाही. दरम्यान रात्रभर उघडं ठेवण्याचा परवानाही गेला, त्यामुळे अकरानंतर ताट वाढणं हाच गुन्हा झाला. बारा झडत्या आणि ताट वाढण्याची घड्याळी वेळ! ९ ऑगस्ट १९७० रोजी याविरुद्ध मोर्चा निघाला, चकमक झाली, आणि दंगल भडकवल्याच्या आरोपाखाली नऊ जणांवर ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात खटला उभा राहिला. तो ५५ दिवस चालला. त्या नवांपैकी डार्कस हाव आणि अल्थिया जोन्स-लकॉइंट यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. डिसेंबर १९७१ मध्ये दंगलीच्या आरोपातून सगळे सुटले, आणि दोन्ही बाजूंना वांशिक द्वेष दिसतो असं न्यायाधीशांनी भर कोर्टात म्हटलं; ‘दोन्ही’त पोलीसही आले.

एक योगायोग मला सोडवत नाही. त्या मोर्च्याच्या बरोबर नऊ दिवस आधी, ३१ जुलै १९७० ला, ब्रिटिश नौदलाने खलाशांना रोज मिळणारा रमचा शिधा कायमचा बंद केला. तीनशे वर्षांची चाल होती. खलाशांनी काळ्या फिती लावल्या, काही जहाजांवर तर शोकविधी झाले. कॅरिबियन रमसाठी हा देश खरोखर रडला होता. कॅरिबियन माणसाने अकरानंतर जेवण वाढलं तेव्हा मात्र याच देशाने शिपाई पाठवला.

मँग्रोव्ह एकटं असतं तर मी त्यावर एवढा भार टाकला नसता. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात ‘ब्लॅक अँड व्हाइट कॅफे’वर २ एप्रिल १९८० रोजी धाड पडली आणि संध्याकाळपर्यंत अख्खी वस्ती पेटली, पोलिसांना काही तास तिथून काढता पाय घ्यावा लागला. लंडनमध्ये २००५ पासून २०१७ पर्यंत ‘फॉर्म ६९६’ नावाचा एक कागद होता: गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा तर संगीत कोणत्या प्रकारचं ते पोलिसांना कळवा, आणि सुरुवातीच्या काळात तर येणारे लोक कोणत्या वंशाचे तेही. ‘बॅशमेंट’ (जमैकन नाचगाण्याचं संगीत) लिहिलं की भुवया उंचावत. आता ज्या रम बारमध्ये शनिवारी रात्री तेच संगीत पार्श्वभूमीला लावतात आणि त्याला ‘आयलंड व्हाइब’ म्हणतात, तिथे कोणाला काय विचारावं?

यावर उत्तर तयार असतं: हा सगळा इतिहास झाला, आज कोण कोणाला अडवतं? आज कोणी अडवत नाही, आज फक्त अटी असतात. इंग्लंडातल्या अनेक शहरांत मद्यपरवान्यांची गर्दी झालेले भाग ठरवलेले आहेत. तिथे नवा परवाना हवा असेल तर तुमच्यामुळे त्रास वाढणार नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. म्हणजे वकील आला, सल्लागार आला. नाहीतर आधीच परवाना असलेली जागा भारी पैसे मोजून घ्यायची. जागामालक भाड्याआधी बघतो तो ताळेबंद. तीस दुकानांची साखळी आणि एक बाई असे दोन अर्ज आले तर तो किल्ली कोणाला देईल? कित्येक करारांत भाडं दर पाच वर्षांनी फक्त वरच जाऊ शकेल अशी अट असते. २०१५ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन या जुन्या कॅरिबियन वस्तीत रेल्वेच्या कमानींखालच्या जुन्या दुकानदारांना नूतनीकरणासाठी बाहेर पडायला सांगितलं गेलं. २०१९ मध्ये देशभरच्या अशा हजारो कमानी दीर्घ मुदतीसाठी १४६ कोटी पौंडांना खाजगी गुंतवणूकदारांकडे गेल्या. यात कोणाचीही पाककृती चोरली गेली नाही. जेमी ऑलिव्हर यांनी उद्या जगातली सगळ्यात अस्सल जर्क कोंबडी केली तरी यातलं काही बदलणार नाही, आणि सगळ्यात बोगस केली तरीही नाही.

सगळ्यात बळकट आक्षेप मात्र वेगळा आहे. भाडं सगळ्यांनाच मारतं. मत्स्यविक्रेत्या गोऱ्या म्हाताऱ्यालाही आणि पंजाबी मिठाईवाल्यालाही. मग कॅरिबियनांचंच वेगळं रडगाणं का? याला उत्तर द्यायला मला इथून गिरणगावात जावं लागतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या आवारात जे पब आणि रेस्टॉरंटं आली, त्यांनी विटा, लोखंडी तुळया, चिमणी जपली. कामगारांना डबे आणि ताटं पुरवणारी खाणावळवाली बाई मात्र त्या नव्या हिशेबात कुठेच नव्हती. बाजार तोटा सगळ्यांना देतो. पण काहींच्या बाबतीत तो आधी त्यांना उठवतो आणि मग त्यांच्याच चित्राने भिंत सजवतो. पंजाबी मिठाईवाल्याचं दुकान गेलं तर त्या जागी त्याच्या गरिबीचं नेपथ्य उभारून कॉकटेल विकत नाहीत. ऑल सेंट्स रोडवर ते झालं: मँग्रोव्ह १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संपलं आणि पुढे त्याच इमारतीत ‘रम किचन’ नावाचं कॅरिबियन रेस्टॉरंट आणि बार निघाला. भिंतीवर क्रिचलो यांच्या स्मृतीची निळी पाटी आहे. त्यांना १९८८ मध्ये पुन्हा एकदा अमली पदार्थांच्या आरोपाखाली पकडलं होतं. तेव्हाही ते निर्दोष सुटले आणि १९९२ मध्ये पोलिसांनी त्यांना ५०,००० पौंड भरपाई दिली. रम किचनवाल्यांचा यात काडीचा दोष नाही. त्यांना परवाना मिळाला, त्यांनी घेतला. क्रिचलोंना तो एवढा सहज मिळाला असता तर?

आणखी एक बोललं जातं, कुजबुजत: हँड्सवर्थसारख्या टेकअवेंत सेवा धड नसते, अर्धं खाद्य संपलेलं असतं, गिऱ्हाईक साखळीत जाणारच. कॅरिबियन लोक स्वतःच यावर पोट धरून हसतात, त्यामुळे मी नाकारत नाही. पण दुपारी तीनला ऑक्सटेल का संपतं? कारण ते महाग मांस आहे, मोठा फ्रीजर नाही, सकाळी जेवढं परवडतं तेवढंच शिजतं आणि उरलं तर घाटा. खेळतं भांडवल नसलेल्या दुकानाचं हे वेळापत्रक आहे, आळसाचं नाही. इथल्या बँकांनी पहिल्या पिढीला कर्ज दिलं नाही तेव्हा त्यांनी ‘पार्डनर’ चालवला. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम द्यायची, पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. आपली भिशीच. कित्येक जमैकन कुटुंबांची इथली घरं त्यावर उभी राहिली. पण भिशीवर घराची अनामत भरता येते. शहराच्या मध्यावरचं पंधरा वर्षांचं लीज भिशीवर मिळत नाही.

करायचं काय ते फार अवघड नाही, कंटाळवाणं आहे. सार्वजनिक मालकीच्या जागांत जुन्या भाडेकरूला परत येण्याचा लेखी हक्क, फक्त वर जाणाऱ्या भाड्याच्या अटीवर बंदी, छोट्या खाणावळींच्या परवान्यासाठी वेगळी, स्वस्त खिडकी. याच्यावर हॅशटॅग चालत नाही, हे मला कळतं.

गेल्या महिन्यात त्या टेकअवेच्या मालकीणबाईंना मी रम बारचं विचारलं, तुम्हाला राग येतो का? त्या चमच्याने ट्रेची कड खरवडत होत्या. म्हणाल्या, त्यांची कोंबडी कोरडी असते, पण माझा भाचा तिथेच बारमागे असतो, पगार वेळेवर देतात. मग माझ्या डब्यात ग्रेव्हीचा एक जादा डाव ओतत त्यांनी आपला हिशेब सांगितला. लीज संपतंय मार्चमध्ये. पार्डनरमध्ये त्यांची पाळी आहे जूनमध्ये. मार्चची पाळी जिची आहे तिच्याशी अदलाबदल होते का बघतायत, पण तिच्या मुलीचं लग्न आहे.